तीन पानांवरची फुंकर

बुधवारी दुपारी आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत बायकांची प्रार्थना असते. कासिमिरा नेहमी दाराजवळच्या बाकावर बसते. तिथे वारा थेट अंगावर येतो, उबदार शालीतूनही हाडांना झोंबतो, पण आत सरकून बस म्हटलं तर ऐकत नाही. "इथून डोंगर दिसतो गं," एवढंच म्हणते. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात तेव्हाही तिचा एक डोळा किलकिला असतो, हे मी पाहिलंय. खाणीत काही झालं की डोंगराच्या कडेनं बायका पळताना दिसतात. त्या दिसल्या की आपणही उठून पळायचं, म्हणून तिला दार हवं असतं.

ती सान ओनोफ्रे खाणीची राखणदार. खाणीच्या तोंडालगत दगडाची एक खोली, तेच घर आणि तीच चौकी. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात सुरुंगाच्या दारूची पेटी, मधल्या जागेत कासिमिरा आणि तिचा मुलगा अब्दोन झोपतात. लग्न होऊन मी खोऱ्यातून या गावात आले, मंडळीत जायला लागले, आणि एकदा तिच्याकडे लोकर घ्यायला म्हणून वर गेले. तिनं जांभळ्या मक्याची गरम पेज दिली. माझं लक्ष सारखं त्या पेटीकडे.

"घाबरू नको," ती म्हणाली. "ती उडाली तर आपल्याला कळणारसुद्धा नाही."

असं बोलते म्हणून लोकांना ती धीट वाटते. धीट ती मुळीच नाही. कुत्रं अवेळी भुंकलं तरी दचकते. खाणीच्या तोंडातून सकाळी गरम हवा बाहेर येते, बाहेरच्या गारठ्यात तिची वाफ होते, आणि डोंगर श्वास सोडतोय असं दिसतं. त्या वाफेकडेही ती सरळ बघत नाही.

"पाळक सांगतात भिऊ नका," ती मला म्हणाली होती. "त्यांचं बरंय. त्यांच्या घरासमोर बटाट्याचं शेत आहे. माझ्या घरासमोर हे तोंड आहे."

आमच्याकडे पोरं बोलायला लागली की शिकतात, डोंगराबाहेर येशूचं राज्य आणि डोंगराच्या आत काकांचं. खाणीतले पुरुष रविवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावतात आणि शुक्रवारी आत काकांपुढे बसतात. त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. काका म्हणजे आडव्या बोगद्यात बसवलेला मातीचा पुतळा. शिंगं, काचेचे डोळे, सिगारेट धरता यावी म्हणून उघडं ठेवलेलं तोंड. धातूची शीर त्याच्या मालकीची. तो खूश असला तर शीर दाखवतो, उपाशी राहिला तर माणूस खातो. मी कॉलेजात शिकलेली, या गोष्टींना पहिल्यांदा हसले होते. पण समोर बसून सांगणाऱ्या बाईचा भाऊ दगडाखाली गेलेला असला की हसू ओठांवरच वाळतं.

काकांचं गाठोडं बांधण्याचं काम राखणदारणीचं. भूक-थकवा मारायला गालात धरून चघळतात ती कोकाची पानं, सिगारेटी, दारूची लहान बाटली. गाठ मारायच्या आधी तीन न फाटलेली पानं निवडायची, देठाला देठ जुळवून पंख्यासारखी धरायची, तोंडाशी न्यायची आणि त्यांवर हळू फुंकर घालायची. फुंकर म्हणजे आपला जीव. त्यातला थोडा डोंगराला दिला. फुंकरीवाचून ते गाठोडं म्हणजे नुसता पाला.

कासिमिरानं वर्षानुवर्षं अशी फुंकर घातली. नवरा रुफिनो रोज आत जायचा आणि रोज बाहेर यायचा, तेव्हा काकांचं पोट भरलंय असं तिला वाटायचं. दगड त्याच्या डोक्यात कधी पडला नाही. दगडाची धूळ मात्र छातीत साठत गेली. शेवटी शेवटी रुफिनोला मेणबत्तीसुद्धा विझवता येईना. ओठांचा चंबू करायचा, पण ज्योत हलायची नाही. मग तोच हसायचा आणि कासिमिरा विझवायची.

तो गेल्यावर आमच्या मंडळीतल्या बायका आळीपाळीनं वर सूप घेऊन जात. त्यांच्याबरोबर ती खाली येऊ लागली. पुढे गरम पाण्याच्या झऱ्यात तिचा बाप्तिस्मा झाला. साक्ष द्यायला उभी राहिली तेव्हा दोन वाक्यं बोलून खाली बसली. "मी माझा श्वास त्याला देत होते आणि त्यानं माझ्या नवऱ्याचा श्वास घेतला. आता ज्यानं मला श्वास दिला, तो त्याचाच."

दारू तिनं कधी घेतली नव्हती. पण लहानपणापासून गालात असलेली कोकाही सोडली. आमच्या या उंचीवर कोका सोडणं सोपं नाही. भूक आणि डोकेदुखी दोन्ही एकदम दाराशी येऊन बसतात. गाठोडं बांधणंही तिनं बंद केलं. खाणीतल्यांनी कुरकुर केली, पण शेजारच्या तोंडाची राखणदार फिलिबेर्ता म्हणाली, "बांधते मी हिच्या वाटचं. हिला तिच्या येशूपाशी बसू दे." फिलिबेर्ता म्हणजे अब्दोनची धर्मआई; अंगानं आडवी, आवाजानं त्याहून आडवी. या दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही आणि एका गोष्टीवर एकमतही होत नाही.

अब्दोन बापाच्या जागी आत जाऊ लागला. रोज सकाळी कासिमिरा त्याच्या शिरस्त्राणावर हात ठेवून प्रार्थना करायची. इतरांसमोर त्याला ओशाळल्यासारखं व्हायचं.

"आटप ना आई. तुझी प्रार्थना या दारापर्यंत. पुढे काकांचं बघावं लागतं."

"पुढेही तोच आहे रे."

"मग ये की एकदा आत, दाखव!" तो हसायचा. सगळेच हसायचे, कारण बाई खाणीत जात नाही. बाई आत गेली तर शीर लपते आणि छत चिडतं, हे इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मग अब्दोन फिलिबेर्तानं दिलेलं गाठोडं जॅकेटात खुपसून वाफेत दिसेनासा व्हायचा.

गेल्या ऑगस्टची गोष्ट. ऑगस्टमध्ये जमीन तोंड उघडते असं आमच्याकडे मानतात, म्हणून त्या महिन्यात सगळे जपून असतात. खाणीच्या तोंडाशी, लोकरीसाठी पाळतो त्या प्राण्यांतला एक पांढरा लामा कापला, रक्त वाडग्यांत धरलं, आणि मुकादम तिबुर्सियो ते तोंडाच्या चौकटीवर, रुळांवर, गाड्यांवर शिंपडत निघाला. मागे बँड वाजत होता. मग राखणदारांच्या दारांची पाळी आली. दर वर्षी कासिमिरा त्या दिवशी मुद्दाम खाली गावात येऊन राहायची आणि माघारी गेल्यावर दार घासून काढायची. त्या वर्षी ती आली नाही. दारात हात पसरून उभी राहिली.

"बाजूला हो कासिमिराबाई," तिबुर्सियो म्हणाला. गालात कोकाचा गोळा, हातात वाडगा.

"मुकादम, लामा तुम्ही कापलात, मी अडवलं का? मटण खा, नाचा, सगळं करा. माझ्या दारावर रक्त नको. या दाराला येशूचं रक्त आधीच लागलंय."

"कुठंय गं? दिसत तर नाही!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं आणि बँडवाल्यांसकट सगळे हसले.

तिबुर्सियो हसला नाही. तो वाईट माणूस नाही. रुफिनोच्या शवपेटीला खांदा दिलेला. हळू आवाजात म्हणाला, "डोंगरावरची सगळी दारं ओली आणि एक कोरडं. तो शिरायचा झाला तर कुठून शिरेल, सांग?"

तिनं पसरलेले हात खाली घेतले नाहीत. तो पुढच्या दाराकडे वळला. त्यानंतर कित्येक दिवस कासिमिरा आपल्याच दाराकडे बघून घाबरत होती. "मी चुकले नव्हते," ती मला म्हणाली. "पण चुकले नाही म्हणून भीती थोडीच जाते?"

पुढच्या आठवड्यांत शीर हरवली. हातभर रुंद शीर बोटभर झाली आणि मग नुसता दगड लागू लागला. पुरुष येता-जाता तिच्याशी बोलेनासे झाले. तिच्या कुत्र्याला कोणीतरी दगड मारला. फिलिबेर्ता रोज येऊन चुलीशी बसायची आणि रोज तेच सांगायची.

"अगं बये, एक वाटीभर रक्त. भिंतीला रंग दिला समज."

"रंग असता तर तू एवढी रोज चढून आली असतीस का?"

"तुझ्या तोंडाला लागणं म्हणजे..." असं म्हणून फिलिबेर्ता उठायची, आणि उद्या पुन्हा यायची.

आणि मग एका शुक्रवारी, जेवणाच्या आधी, डोंगर खाली बसल्यासारखा झाला. मोठा आवाज झाला नाही, असं कासिमिरा सांगते. पायाखालची जमीन एकदा दबली, चुलीवरच्या पातेल्यातलं सूप हिंदकळलं, आणि खाणीच्या तोंडातून धुळीचा लोट एवढ्या जोरात आला की दोरीवरचे कपडे उडून गेले. पाठोपाठ माणसं. खोकत, धडपडत, करड्या रंगाची, कोण कोण ते ओळखू येत नव्हतं. ती प्रत्येकाच्या तोंडावर हात फिरवून धूळ पुसत होती. हा नाही. हा नाही. हाही नाही.

"अब्दोन मागे राहिला," तिबुर्सियो म्हणाला. "काकांच्या पुढे छत खाली आलंय. पण जिवंत आहे. पलीकडून ठोकतोय, मी ऐकलं."

"मग चला ना!"

कोणी हललं नाही. तोंडाशेजारच्या दगडांवर एकेक जण बसत गेला. शेजारच्या तोंडांवरच्या बायका जमल्या, फिलिबेर्ताही धापा टाकत आली. तरी कोणी पहार उचलेना.

"मुकादम?"

"आज सकाळी गाठोडं दिलं होतं," तिबुर्सियो म्हणाला. त्याचे डोळे धुळीनं लाल झाले होते, का कशानं, कोण जाणे. "फिलिबेर्ताच्या हातचं. काकांनी ते घेतलं नाही, हे दिसतंय. त्यांना या दाराची फुंकर हवी आहे, कासिमिराबाई. तुझी. चिडलेल्या काकांसमोरून मी माझी माणसं नेणार नाही. यांनाही आया आहेत. तू फुंकर घाल, आम्ही पळत जातो. या मिनिटाला."

आता सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. आत मुलगा, दगडापलीकडे. बाहेर त्याला काढू शकतील अशी माणसं, हातात पहारी असलेली. दोहोंच्या मध्ये तिची एक फुंकर.

फिलिबेर्तानं शालीच्या टोकातून कोका काढली, तीन पानं निवडली, जुळवली आणि तिच्या हातात दिली. रडत होती. "चहा गार करायला घालतेस तेवढीच गं. देवाला आईचं मन कळतं. उद्या माफी माग. तुमच्यात लगेच मिळते ना माफी?"

कासिमिरानं पानं धरली. हे तिनं माझ्यापासून लपवलं नाही. पानं धरली आणि तोंडाशी नेली. त्यांचा वास नाकात गेला आणि इतक्या वर्षांनी तोंडाला पाणी सुटलं. ओठांचा चंबूसुद्धा झाला.

"मग काय आठवलं तुला? एखादं वचन?" मी विचारलं होतं.

"कसलं वचन! पाठ केलेलं सगळं पळून गेलं होतं. मला रुफिनो दिसला, मेणबत्तीसमोर. आणि एवढंच वाटलं, की हा श्वास मी त्या काकांना दिला आणि तरीही त्यानं अब्दोनला सोडलं नाही, तर मग मी हाक कोणाला मारणार? माझ्याकडे हाक मारायला कोणी उरणारच नाही."

तिनं ओठ मिटले. "नाही," म्हणाली.

"तुझ्या पोटचा नाही का गं तो?" एक बाई किंचाळली.

कासिमिरा खोलीत गेली. खुंटीवर रुफिनोचं शिरस्त्राण होतं, ते घातलं. त्यावरचा दिवा लावला. कोपऱ्यातली पहार घेतली आणि सरळ खाणीच्या तोंडाकडे चालू लागली. काय होतंय ते कळायला लोकांना वेळ लागला. तिबुर्सियो धावत येऊन हात आडवा करून उभा राहिला.

"बाई आत जात नाही!"

"मग तुम्ही जा."

त्यानं मागे वळून माणसांकडे पाहिलं. सगळ्यांनी नजर खाली घातली. ती चणीनं लहान. त्याच्या हाताखालून वाकून निघून गेली. तिला धरायला कोणी पुढे आलं नाही. खाणीत शिरणाऱ्या बाईला हात लावायचीही त्यांना भीती वाटली.

आतलं ती फार सांगत नाही. लोकर विणता विणता थोडं थोडं बोलते आणि सुई थांबली की विषय बदलते. रुळांमधून पाणी वाहत होतं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आत आंघोळीच्या पाण्यासारखी ऊब. छत इतकं खाली, की शिरस्त्राण ठकठक आपटत होतं, आणि प्रत्येक ठकठकीला तिला वाटायचं, संपलं. मोठी प्रार्थना करायला सुचत नव्हतं. प्रत्येक पावलाला "प्रभू", पुढच्या पावलाला पुन्हा "प्रभू". मुठीत काहीतरी चुरचुरलं म्हणून पाहिलं, तर ती तीन पानं. पहारीबरोबर मुठीत तशीच आली होती.

आणि वळणावर तो बसलेला. इतकी वर्षं त्याचं गाठोडं बांधलं, पाहिला तेव्हा पहिल्यांदा. तिच्या दिव्याच्या उजेडात काचेचे डोळे एकदम पेटले. गळ्यात कागदी माळा, मांडीवर सकाळची पानं, ओठांत विझलेली सिगारेट. इतकी धूळ सगळीकडे, पण त्याच्या तोंडावर नव्हती, असं ती म्हणते. मी म्हटलं, आडबाजूला होता म्हणून असेल. ती म्हणाली, असेल.

तिथे ती थांबली. मागे कोणी नव्हतं. मंडळी नाही, पाळक नाहीत, फिलिबेर्ता नाही. आता फुंकर घातली असती तर जगात कोणाला कळलं नसतं. बाहेर नाही म्हटल्याचा मान राहिला असता आणि आत मुलाचा सौदाही झाला असता. वाकून चालल्यामुळे तिला धाप लागली होती. श्वास आपोआपच बाहेर पडत होता, पानं त्या श्वासापासून वीतभर अंतरावर होती, आणि तो उघड्या तोंडानं समोर बसला होता.

पानं फेकून द्यावीत, तर पडणार त्याच्याच पायाशी. तेही देणंच झालं.

तिनं पानं चोळीत खोल खुपसली. मोकळ्या हातानं नाक-तोंड दाबून धरलं, श्वास कोंडला. पाठ केली तर तो मागून धरेल अशी भीती, म्हणून समोरच्या भिंतीला पाठ घासत, तोंड त्याच्याकडे ठेवून, खेकड्यासारखी सरकत गेली. छाती फुटायला आली. काचेचे डोळे दिसेनासे झाले तेव्हा ती गुडघ्यांवर पडली आणि पहिला श्वास घेतला.

हे सांगताना तिला हसू येतं. "प्रभूची साक्षीदार बघ कशी, नाक दाबून!" मग सुई बराच वेळ थांबते.

पुढे दगडांचा ढीग होता, छतापर्यंत. पलीकडून ठोकल्याचा आवाज आला. बारीक, सावकाश.

"अब्दोन!"

ठोकणं थांबलं. "आई?" मग घाबरलेला आवाज, "आई, तू मेलीस का?"

"नाही रे! आत आलेय."

"आत? तू आत कशी?"

"तूच म्हणाला होतास ना, ये म्हणून?"

पलीकडून हसण्यासारखा, रडण्यासारखा आवाज आला. "हात अडकलाय गं. वरचं काढू नको, कोसळेल. डावीकडून काढ."

ती डावीकडून दगड काढू लागली. एक काढला की वरून दोन घरंगळायचे. हळू काढलं तर मुलगा जाईल, घाईनं काढलं तर आपल्याच हातानं त्याच्यावर डोंगर घालू. असा किती वेळ गेला, तिला सांगता येत नाही. मागून उजेड पडला तेव्हा तिला खात्रीच वाटली, की तो पुतळाच उठून आला.

तो तिबुर्सियो होता. मागे त्याची माणसं, खांद्यावर खांब.

"सरक," तो म्हणाला. मग माणसांना ओरडला, "बघता काय? बाई आत शिरली, सगळं विटाळून झालं! आता त्यांचं चिडायचं राहिलंय काय? लावा खांब!"

दिवस उतरता उतरता अब्दोनला बाहेर काढलं. फिलिबेर्तानं त्याला असं कवटाळलं, की तो कळवळून ओरडला. डावा हात दगडाखाली राहिला होता. शहरातल्या डॉक्टरांनी दोन बोटं काढली. "थोडं आधी आणलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले, आणि पुढचं बोलले नाहीत. ते अर्धं वाक्य कासिमिरा घरी घेऊन आली. ते अजून तिच्या घरात आहे.

मला वाटलं होतं, आता लोक तिला डोंगरावरून हाकलून देतील. झालं उलटंच. खाणीतले पुरुष पुन्हा तिला नमस्कार करू लागले. फिलिबेर्ता खाली बाजारात मला डोळा मारून म्हणाली, "घातलीन् की फुंकर! आत. बाहेर आपला मान ठेवलान्, आणि आत जाऊन आईचं काम केलंन्. हुशार आहे बाई!" आणि तसंच सगळे मानत होते. नाहीतर काकांनी अब्दोनला सोडला कसा? तिबुर्सियो एके दिवशी लामाची तंगडी घेऊन आला, दारात उभा राहून पुटपुटला, "मला ठाऊक आहे, कासिमिराबाई. तुझ्या मंडळीत कळायचं नाही. आमच्यातच राहील."

तिला काही बोलायचंच नव्हतं. खोटं बोलायची गरज नव्हती, नुसतं गप्प बसायचं. गप्प बसलं की खोली राहील, काम राहील, कुत्र्याला दगड लागणार नाहीत, आणि त्या बोटांचा दोषही कोणी देणार नाही. ती मला म्हणाली, "आतल्यापेक्षा हे अवघड होतं गं. आत तो निदान समोर बसला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं आत जायला जमली तेव्हा ती तंगडी घेऊन बाहेर आली आणि तिबुर्सियोच्या हातात परत दिली. "मी फुंकर घातली नाही," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "बाहेरही नाही, आतही नाही. नाक दाबून पुढे गेले. तुमची तीन पानं चुलीत घातली, त्यावर चहासुद्धा उकळला नाही नीट."

कोणी हसलं नाही. अब्दोन बांधलेला हात छातीशी धरून दारात उभा होता. त्याचा चेहरा बघवेना, ती म्हणते.

"मग पोराची बोटं तुझ्या माथी," तिबुर्सियो म्हणाला.

"असतील."

"आणि येत्या ऑगस्टला?"

"दार कोरडंच राहील, मुकादम."

तो तंगडी खांद्यावर टाकून आत गेला. आजतागायत त्यानं काय ठरवलंय ते कोणाला सांगितलेलं नाही. हे मी लिहिते आहे तेव्हा जुलै संपत आलाय. बँडवाले संध्याकाळी सराव करतात. त्यांचा आवाज वर तिच्या खोलीपर्यंत जातो.

अब्दोन पुन्हा आत जातो. काकांनी आपल्याला सोडलं यावर त्याचा अजून विश्वास आहे. आई उगाच नाकारते असं त्याला वाटतं. दर शुक्रवारी गाठोडं तोच बांधतो, तिच्याच चुलीशेजारी बसून. उरलेल्या बोटांत तीन पानं जुळवायला वेळ लागतो, पण मदत घेत नाही. मग ती तिच्यासमोर धरतो.

"आई, फुंकर?"

"नाही रे."

"एकदा?"

"नाही."

तो स्वतः फुंकर घालतो आणि गाठ मारतो. दारापाशी येऊन मान खाली करतो, तिचा हात पोचावा म्हणून. पूर्वी 'आटप' म्हणायचा, आता म्हणत नाही. ती शिरस्त्राणावर हात ठेवते, प्रार्थना करते, आणि तो वाफेत जातो.

मागच्या बुधवारी प्रार्थनेच्या शेवटी पाळकांनी विचारलं, कोणाला काही मागायचं आहे का? कासिमिरा दाराजवळून म्हणाली, "ऑगस्टसाठी प्रार्थना करा. मी नाही म्हणणार आहे, ते ठरलंय. पण माझे पाय फार कापतात."

आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. तिनं एकच मिटला.